इस्तंबूलहून एकटी परतलेली डावी जँडल

मित्रांनो, मी एक जुनी जँडल आहे. डावी.

जँडल म्हणजे काय, हे न्यूझीलंडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्याकडे मला रबरी चप्पल म्हणतील, स्लीपर म्हणतील, कदाचित बाथरूमच्या बाहेर ठेवतील. इथे माझ्या जातभाईंना घालून लोक बँकेत जातात, समुद्रावर जातात, आणि एक गृहस्थ तर स्वतःच्या लग्नाला उभे राहिले होते असं मी ऐकलं आहे. सांगायचा मुद्दा, माझं कूळ मानाचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराच्या चादरीतून मला कापून काढलं, तीन भोकं पाडली आणि त्यांतून पट्टा ओढून घेतला. बालपण एवढंच. त्याच चादरीतून माझ्या शेजारी उजवी कापली गेली. आम्हा दोघींना एका प्लॅस्टिकच्या आकड्यात अडकवून जॉन्सनव्हिलच्या एका डेअरीच्या दारात टांगलं. जॉन्सनव्हिल हे वेलिंग्टनचं उत्तरेकडचं उपनगर. आणि डेअरी म्हणजे तिथे म्हशी नसतात. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. वारा आला की आम्ही दोघी एकमेकींच्या थोबाडीत मारायचो. वारा रोज यायचा.

तिथून आम्हाला घेतलं आशालता आजीने. आजोबा गेल्यावर तिचा मुलगा नितीश तिला साताऱ्याहून इकडे कायमची घेऊन आला होता. विमानात तिचे पाय सुजले आणि सोबत आणलेली एकही चप्पल पायात शिरेना. सून देवयानी हॉस्पिटलात नर्स आहे. तिने आजीला मधुमेहाची आठवण करून दिली आणि घरात की बाहेर, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही असं बजावलं. पायाला जखम झाली तर आजीला कळायचीही नाही म्हणे. म्हणून आम्ही. आमच्यात कुठलाही पाय शिरतो. आम्ही नाही म्हणत नाही.

आजी आम्हाला अंगठ्याचे मोजे घालून वापरायची. तपकिरी, साताऱ्याहून आणलेले, अंगठ्याला वेगळी खोली असलेले. जॉन्सनव्हिलच्या लोकांनी जँडल पाहिल्या होत्या आणि मोजेही पाहिले होते. दोन्ही एकत्र पाहून बसस्टॉपवर लोक जरा अदबीने बाजूला सरकायचे.

आता आजीच्या अडचणीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

साताऱ्याच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. तिथे ती 'बाई' होती, आणि बाई बोलायला लागल्या की वर्गभर पोरं गप्प बसायची. जॉन्सनव्हिलमध्ये ती 'आई, ते नाही, त्याच्या शेजारचं बटण' होती. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, बसमधून उतरतानाही कार्ड कसं टेकवायचं, ओव्हन कसा बंद करायचा, हे घरातले तिला समजावून सांगायचे. फार प्रेमाने सांगायचे. तिला सगळे सांभाळून घ्यायचे, फक्त ऐकून घ्यायचं राहून जायचं. तिने एखादं वाक्य 'इसवी सन' असं सुरू केलं, की नात इरा कानातले इअरफोन न काढता मान डोलवायची, आणि नितीश फोनवर तेच शोधून, तिचं वाक्य संपायच्या आत वाचून दाखवायचा. बरोबर वाचायचा. त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. इराला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि तेही बहुतेक वेळा 'ओके आजी' एवढंच.

आजीची एक सवयही सांगून ठेवते. देवळात जाताना ती चपला कधी जोडीने ठेवत नसे. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. चोराला जोड हवी असते, एकटी चप्पल कोण नेणार, असं तिचं साधं तर्कशास्त्र होतं. साताऱ्यात या युक्तीने तिची एकही चप्पल कधी गेली नव्हती. तिच्या चपला मुळात कुणाला हव्या होत्या का, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती बसायचा, तेव्हाही तिने आम्हाला अशीच ताटातूट करून ठेवलं. मला दाराशी, उजवीला कचऱ्याच्या डब्यामागे. हॉलचा केअरटेकर भला माणूस. त्याने शोधशोध करून उजवीला माझ्याशेजारी आणून ठेवलं. आजीने पुन्हा वेगळं केलं. त्याने पुन्हा एकत्र आणलं. आरती संपेपर्यंत हे चाललं. दोघेही आपापल्या परीने आमचं भलं करत होते.

त्या वर्षी एप्रिलात पुण्याला नितीशच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. देवयानीला रजा कमी मिळाली, म्हणून ती मागाहून सरळ पुण्याला येणार होती. बाकी तिघांची तिकिटं नितीशने इस्तंबूलमार्गे काढली. वेलिंग्टनहून पुण्याला जाताना इस्तंबूल वाटेत लागत नाही. नकाशा पाहिलात तर पुणंच इस्तंबूलच्या वाटेत लागतं. पण नितीश आयटीतला माणूस आहे. त्याने स्क्रीनवर दाखवलं की हा 'स्टॉपओव्हर' आहे, आणि घरात तो विषय संपला.

इस्तंबूल म्हणजे जुनं कॉन्स्टँटिनोपल, हे आजीला सांगायला लागलं नाही. तिने शेगडी बंद केली आणि खुर्चीवर बसली. भाजी अर्धी कच्ची राहिली.

'इसवी सन १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेतले व युरोपचा पूर्वेकडे जाणारा खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला.' हे वाक्य तिने नोकरीभर दरवर्षी फळ्यावर लिहून दिलं होतं. एक वाक्य, दोन मार्क. त्या दोन मार्कांमागे केवढं शहर होतं, ते तिला पुस्तकांतून माहीत होतं. त्यात आयासोफिया नावाची एक प्रचंड इमारत होती. बायझंटाइन सम्राटाने ती चर्च म्हणून बांधली, ऑटोमन सुलतानाने शहर जिंकल्यावर तिची मशीद केली, मधल्या काळात ती संग्रहालय झाली आणि आता पुन्हा मशीद आहे. आजीने मनाशी ठरवलं: त्या घुमटाखाली इराला उभं करायचं आणि ते वाक्य पूर्ण सांगायचं. दोन मार्कांचं नाही, सगळं. एकदा, निदान एकदा, या घरातल्या कुणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं.

त्यानंतर जॉन्सनव्हिलचा चढ चढताना ती रोज मनातल्या मनात सराव करायची. मनातल्या मनात म्हणजे माझ्या वर साधारण पाच फुटांवर, पुटपुटत. माझंही पाठ झालं.

इस्तंबूलला आम्ही पहाटे पोचलो आणि नितीशने फोनवरचं वेळापत्रक उघडलं. प्रत्येक स्थळाला एक रंग होता. प्रवेशाची तिकिटं काढलेली होती, ऑडिओ गाइड डाउनलोड केलेला होता. नितीशच्या फोनवरून तो दोघांच्या कानात बोलायचा: एक इअरफोन त्याला, एक इराला. आजीला त्याने विचारलं होतं, पण कानात कुणी बोललेलं तिला आवडत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही जमिनीखालच्या हौदात उतरलो. बायझंटाइन काळात राजवाड्याला पाणी पुरवायला बांधलेला, खांबांचं जंगल असलेला हौद. खाली ओल होती. अशा जागी जँडलचा काय थाट असतो तो तुम्ही पाहायला हवा होता. बुटातले लोक घसरत होते. कोपऱ्यात दोन खांबांच्या तळाशी मेड्युसा नावाच्या राक्षसिणीची दगडी डोकी होती, एक आडवं, एक चक्क उलटं. आजी म्हणाली, "इरा, हे बघ, त्या काळी जुन्या देवळांचे दगड आणून..." इरा मान डोलवत पुढे गेली. गाइड पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सुलतानांचा राजवाडा. त्याच्या स्वयंपाकघरात म्हैस मावेल एवढाले हंडे होते. सुलतानाचे सैनिक रागावले की हंडे उलटे करून ठेवायचे, की झालं बंड सुरू, हे आजीला माहीत होतं. तिने सांगायला सुरुवात केली. "आई, ऑडिओत येईल ते," नितीश म्हणाला. ऑडिओत ते आलं नाही. मी वाट पाहत होते.

आजी रागावली नाही. तिचा भरवसा घुमटावर होता.

तिसरा दिवस शेवटचा. रात्री मुंबईचं विमान होतं. वेळापत्रकात दुपारी आयासोफिया, आणि त्याआधी, हिरव्या रंगात, एक लहानसं ठिकाण: समुद्राच्या बाजूला उताराच्या गल्लीत असलेली 'धाकटी आयासोफिया'. हीसुद्धा आधी चर्च, मग मशीद. आणि नाव धाकटी असलं तरी वयाने थोरलीपेक्षा थोडी मोठी. नितीशने तिला पाव तास दिला होता.

मशिदीत जाताना पादत्राणं बाहेर काढायची. दारात लाकडी फडताळ होतं. आजीने ओढणी डोक्यावरून घेतली आणि सवयीने हात चालवला. मला फडताळाच्या खालच्या खणात ठेवलं. उजवीला घेऊन ती अंगणात गेली आणि चिनाराच्या झाडाखाली एका बाकाच्या आड लपवून आली. आत सगळीकडे जाड गालिचा आहे हे तिने आधी दारातून वाकून पाहून घेतलं, कारण तिच्या कानात गाइड नसला तरी देवयानी होती.

मी दारातून उजवीकडे पाहत होते. आमच्यामध्ये अख्खं अंगण होतं. ऊन चांगलं पडलं होतं. चहाच्या टपरीपाशी एक म्हातारे गृहस्थ छोट्या काचेच्या पेल्यातून चहा पीत होते.

मग तो कुत्रा आला. इस्तंबूलच्या गल्ल्यांत मोठमोठे शांत कुत्रे असतात, कानाला नगरपालिकेचा बिल्ला लावलेले, सरकारी नोकरासारखे. त्याने बाकाखाली नाक घातलं. आजी रोज सकाळी पायांना खोबरेल तेल चोळते, त्यामुळे आम्हा दोघींना एक चवदार वास येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला ओरडता येत नाही. चालताना फटफट होते, पण त्याला पाय लागतो. कुत्र्याने उजवीला तोंडात धरलं आणि घाई न करता, कामावर निघाल्यासारखा, फाटकाबाहेर गेला. जाताना उजवीने मागे वळून पाहिलं नाही. रबराला वळता येत नाही, हे मान्य. तरी.

थोड्या वेळाने ते तिघे बाहेर आले. मी होते. उजवी नव्हती. आजी दाराशी एका पायावर भार देऊन उभी राहिली, नितीश आणि इरा बाकाखाली, कुंड्यांमागे, फडताळाच्या प्रत्येक खणात शोधू लागले. टपरीवरच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आमच्याकडे तुर्की नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला, टोपी सारखी केली, आणि अतिशय गंभीरपणे "भू भू" केलं. मग दोन्ही हातांनी तोंडात काहीतरी धरल्याचं दाखवून फाटकाकडे बोट केलं. झाल्यावर पुन्हा पेला उचलला.

नितीशने आधी आपल्या कपाळाला हात लावला. "आई," तो म्हणाला, "चोराला जोड लागते. कुत्र्याला एक पुरते."

अंगणाबाहेर दगडी गल्ली होती, फुटलेल्या काचांसकट. एका जँडलवर थोरल्या आयासोफियापर्यंतचा चढ चढणं शक्य नव्हतं, आणि अनवाणी जाणं तर नाहीच. नितीशचा बूट तिला होडीसारखा झाला असता आणि इराचा अंगठ्यातच अडकला असता. शेवटी नितीशने आजीला धरून, एका जँडलवर, बाकापर्यंत आणलं, आपली सॅक बाकावर टाकली, दोघींना तिथेच बसायला सांगितलं आणि जवळपास कुठे काही मिळतं का ते पाहायला तो निघाला. जाताना त्याने दोनदा घड्याळ पाहिलं. ते आजीनेही पाहिलं. थोरली आयासोफिया वेळापत्रकातून निसटत चालली होती, आणि तिच्याबरोबर तो घुमट, त्याखाली उभी असलेली इरा आणि जॉन्सनव्हिलच्या चढावर घोकलेलं सगळं.

गाइड नितीशच्या खिशातल्या फोनमध्ये होता. नितीश गल्लीच्या वळणापलीकडे गेला, आणि इराच्या कानातला आवाज वाक्याच्या मध्येच बंद पडला. तिने इअरफोन काढून पाहिला, फुंकर मारून पाहिली, खिशात टाकला. मग तिने मला उचललं आणि बाकाच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. थोडा वेळ वाजवून झाल्यावर म्हणाली, "आजी, व्हाय इज धिस सिटी सच अ बिग डील एनीवे?"

आजीने तोंड उघडलं. मला 'इसवी सन' येताना स्पष्ट दिसलं. तिने ते गिळलं.

"एक पोरगा होता," ती म्हणाली. "एकवीस वर्षांचा. त्याला हे शहर हवं होतं."

इराचं वाजवणं थांबलं नाही, पण मंद झालं.

पोरगा म्हणजे सुलतान महंमद, असं आजीने सांगितलं. शहराला तटबंदी होती, अशी की हजार वर्षं आलेले जवळजवळ सगळे तिला डोकं आपटून परत गेले होते. नितीशने सकाळी घेतलेलं सिमिट सॅकमध्ये होतं. सिमिट म्हणजे तीळ लावलेली पावाची मोठी कडी. आजीने ते बाकापुढच्या फरसबंदीवर ठेवलं. शहर खरं तर त्रिकोणी होतं आणि सिमिट गोल. इतिहासाने चालवून घेतलं. पर्समधून, साखर उतरली तर असावी म्हणून देवयानीने दिलेली पेपरमिंटची गोळी काढून तिने सिमिटच्या भोकात ठेवली. हा बायझंटाइन सम्राट. ओढणी काढून सिमिटच्या एका बाजूला पसरली, हे पाणी, शहरात शिरणारी खाडी. मग चष्म्याची दोरी सोडून खाडीच्या तोंडावर आडवी ठेवली. ही लोखंडी साखळी. सुलतानाची जहाजं आत येऊ नयेत म्हणून.

"वेट," इरा म्हणाली. "देअर वॉज अ चेन? अ रिअल चेन?"

"खरी. आता तू सुलतान. ही तुझी जहाजं." असं म्हणून तिने मला खाली ठेवलं, साखळीच्या बाहेर. मी जहाज झाले. त्याआधी मला कधी कुणी काही केलं नव्हतं. "आत कशी नेशील?"

मित्रांनो, हा प्रश्न आजीच्या सरावात नव्हता. जॉन्सनव्हिलच्या चढावर मी सगळं ऐकलं होतं, त्यात प्रश्न नव्हतेच.

इराने साखळी तोडायचं सुचवलं. तटावरून बाण येतील, आजी म्हणाली. खालून जाऊ. बुडशील. इरा गुडघ्यांवर बसली आणि नकाशाकडे पाहत राहिली. सिमिट काढताना खाली ठेवलेली नितीशची सॅक खाडीच्या पलीकडे टेकडीसारखी पडली होती. इराने सॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इझी. यू ड्रॅग इट ओव्हर द हिल. लाइक द वाका ॲट ओटाहुहू."

आजी थांबली. वाका म्हणजे माओरी लोकांची होडी, एवढं तिला माहीत होतं. ओटाहुहू म्हणजे ऑकलंडचं एक उपनगर, जिथे एका मैत्रिणीच्या बहिणीचा डोळ्यांचा दवाखाना आहे, हेही माहीत होतं. त्यापुढे काही माहीत नव्हतं. तिने चष्मा हातात घेतला, कारण दोरी साखळीच्या कामात होती, आणि म्हणाली, "मग?"

मग इराने सांगितलं. तिच्या शाळेत शिकवलं होतं. ऑकलंडला दोन बाजूंना दोन समुद्र, आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. सगळा वळसा घालून जाण्यापेक्षा माओरी लोक वाका पाण्यातून वर काढायचे, जमिनीवरून ओढत न्यायचे आणि पलीकडच्या समुद्रात सोडायचे. सगळे मिळून ओढायचे, गाणं म्हणत. इरा इंग्रजीत सांगत होती आणि मधूनच अडली की मराठी शब्द घेत होती, बहुतेक हातवाऱ्यांना सोपे पडत होते म्हणून. आजीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. दोनदा पुन्हा "मग?" म्हणाली.

"आणि खाली काय घालायचे?" शेवटी तिने विचारलं.

"लॉग्ज, आय थिंक."

"यानेही ओंडके घातले," आजी म्हणाली. "चरबी लावून. याच एप्रिल महिन्यात."

इराने सॅकमधून आपली स्केचपेनं काढून सॅकच्या उतारावर आडवी मांडली. आजीने पर्समधली खोबरेल तेलाची बाटली काढून त्यांना तेल लावलं. चरबी नव्हती. मग मला उताराच्या पायथ्याशी ठेवलं आणि इरा मागून ढकलू लागली. पेनं गडगडत खाली यायची, ती उचलून पुन्हा पुढे घालायची, मी एक बोटभर चढायचे. जड काम होतं. मी उभ्या आयुष्यात इतकी हळू कुठे गेले नव्हते, आणि आजी चालते त्याहून हळू जाणं सोपं नाही.

मी टेकडीच्या माथ्यावर असताना नितीश परत आला. घामेजला होता. त्याच्या हातात सपाता होत्या. लाल मखमलीच्या, त्यांवर सोनेरी जर, टोकं वर वळलेली, आणि प्रत्येक टोकावर एक झुबकेदार गोंडा. आजीच्या मापात संबंध बाजारात एवढंच होतं. त्याने सांगितलं की आता लगेच निघालं तर आयासोफियाला धावतपळत का होईना दहा मिनिटं मिळतील.

"श्श, डॅड," इरा वर न बघता म्हणाली. "वी आर ऑन द हिल."

नितीशने आईकडे पाहिलं. आजीने पेनाला तेल लावलेली बोटं रुमालाला पुसली आणि त्याच्याकडे पाहिलं. चल म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. नितीश सपाता मांडीवर घेऊन कठड्यावर बसला. जरा वेळाने त्याने कानातला इअरफोन काढला. त्यात गाइड अजून एकटाच बोलत होता.

मी टेकडी उतरले आणि सरळ ओढणीच्या खाडीत आले. सकाळी तटावरच्या लोकांनी डोळे चोळून पाहिलं, आजी म्हणाली, तर साखळी जागच्या जागी आणि जहाजं आत. तिथून पुढे अजून महिनाभर लढाई चालली. पाण्याचा थर्मास तोफ झाला. सिमिटचा तट एका बाजूने ढासळला, तो भाग इराने खाल्ला. सम्राटाने राजवस्त्रं फेकून दिली आणि साध्या शिपायासारखा गर्दीत घुसला. त्याचं पुढे काय झालं, ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही, असं आजी म्हणाली. आमच्याकडचा इराने खाल्ला.

टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी कधीच आपली खुर्ची आमच्याकडे वळवून घेतली होती.

नितीश आजीच्याच शाळेत शिकला होता, तिच्याच वर्गात. ते वाक्य त्यालाही पाठ होतं, आणि दोन मार्क मिळाले होते. "आई, हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"पोर्शन संपवायचा असायचा," आजी म्हणाली.

नितीशने घड्याळ पाहिलं आणि मग घड्याळावरून बाही ओढली. आयासोफियाचं काय करायचं, असं त्याने विचारलं. पुढच्या वेळी येऊ असं तो म्हणाला नाही. वेलिंग्टनहून इस्तंबूल किती लांब आहे ते आता त्यालाही कळलं होतं.

"राहू दे," आजी म्हणाली. "आत खांबच असणार." आणि गोंड्यांच्या सपाता पायात घातल्या.

टॅक्सी समुद्राच्या कडेने निघाली. मी एका पिशवीत होते, इराच्या मांडीवर. टाकून द्यायचं नितीशने सुचवलं तेव्हा ती म्हणाली होती की जहाज कुणी टाकत नाही. उजव्या हाताला तटबंदीच्या वर तो मोठा घुमट दिसला. ज्या एका वाक्यासाठी आजी नोकरीभर खडू झिजवत आली, त्या वाक्यातला. नितीशने आरशातून पाहून "आई" अशी हाक मारली. पण त्याच वेळी इराने विचारलं, "मग?" जिंकल्यावर त्या पोराने काय केलं? आजीने घुमटाकडे पाठ केली आणि तिच्याकडे वळून सांगायला लागली.

मी पाहिला. घुमट होता.

पुण्याच्या लग्नात नवरीच्या शालूइतकीच चर्चा आजीच्या पायांची झाली. परत येताना ऑकलंड विमानतळावर, बाहेरची माती देशात येऊ नये म्हणून पादत्राणं तपासणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट पाहिलं, दुसरी कुठे आहे विचारलं, आणि आजीने शांतपणे "इस्तंबूल" असं सांगितल्यावर पुढे काही विचारलं नाही. उजवीचं काय झालं ते मला माहीत नाही. कुत्रा प्रेमळ वाटला होता. मी एवढ्यावरच थांबते.

एकट्या जँडलचा चालायला उपयोग नाही. जॉन्सनव्हिलच्या घरात मी आता दार अडवते. मागचं दार उघडं ठेवलं की वाऱ्याने आपटतं, म्हणून त्याच्या फटीत मला कोंबतात. काम कष्टाचं आहे आणि कौतुक कुणी करत नाही. दाराकडे पाहून कोण म्हणतं की वा, आपटलं नाही. पण आठवड्यातून दोनतीनदा, संध्याकाळी, इरा येते आणि मला खसकन ओढून नेते. परवा मी पुन्हा टेकडी चढले, या वेळी वाका म्हणून. त्याआधी आग्र्याहून निघालेला पेटारा होते. घरातल्या इतर वस्तूंनाही आता कामं मिळतात; कुकरला तोफ व्हायला आवडतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी वाक्याची सुरुवात एखाद्या सालापासून करत असेल, तर एका कानातला तरी इअरफोन काढा. आणि अधूनमधून "मग?" म्हणत जा. सांगणारं माणूसही एखाद्या चपलेसारखंच असतं. वापरलं नाही तर ते बिघडत नाही, दाराशी नुसतं पडून राहतं.

मला ओढून नेलं की मागे दार धाडकन आपटतं. पूर्वी त्या आवाजावर नितीश वरून ओरडायचा. आता जिन्यावर त्याची पावलं ऐकू येतात, आणि तो खाली येऊन टेकडी व्हायला सॅक कुठे ठेवली आहे ते शोधू लागतो.